स्कापा फ्लोची बुडालेली जर्मन जहाजं बघायला जायचंय? मग आधी हे वाचा

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत आणि त्यांच्या मधे चहूबाजूंनी वेढलेला समुद्र म्हणजे स्कापा फ्लो. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे नजरकैदेत होती, आणि ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून २१ जून १९१९ ला अ‍ॅडमिरल फॉन रॉयटरने ती आपल्याच खलाशांना बुडवायला लावली. ५२ तळाला गेली, त्यातली बहुतेक नंतर भंगारासाठी वर काढली, पण ३ बॅटलशिप (सगळ्यात मोठ्या युद्धनौका) आणि ४ क्रूझर (त्याहून लहान युद्धनौका) अजून खाली आहेत आणि ती बघायलाच जगभरातून डायव्हर येतात.

आता तारकर्लीला किंवा अंदमानला डायव्हिंगचं लायसन्स काढलेल्यांनी एक नीट समजून घ्या, तिथलं कोमट पाणी आणि हे पाणी यांचा काही संबंध नाही. उन्हाळा संपताना जेमतेम १३-१४ डिग्री, एप्रिलमध्ये तर ७-८. त्यामुळे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, लागतोच, आणि माझं ठाम मत आहे की ड्रायसूट पहिल्यांदा ऑर्कनीत घालू नका. आधी कोर्स करा, एखाद्या तलावात वा खाणीच्या पाण्यात भरपूर सराव करा. खाली जाताना सूट अंगाला आवळायला लागला की त्यात थोडी हवा भरायची, वर येताना तीच हवा फुगते म्हणून दंडावरच्या व्हॉल्व्हने सतत काढत राहायची, आणि हवा पायात गेली तर माणूस उलटा होऊन वर फेकला जातो, त्यातून सावरायचं कसं ते हातापायांना आपोआप यायला पाहिजे. आत सुती कपडे अजिबात नको, घामाने ओले होतात आणि मग कुडकुडत बसता. सूटमधल्या हवेने माणूस तरंगतो म्हणून कमरेला शिशाचं वजनही जास्त लागतं, ते पहिल्या डाइव्हच्या आधी तपासून घ्या.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र, थंड पाण्यासाठीचाच पाहिजे. हवा प्रसरण पावताना आणखी गार होते, आत बर्फ धरतो आणि फ्रीफ्लो सुरू होतो, म्हणजे हवा न थांबता वाहत सुटते, मग बघता बघता सिलिंडर रिकामा. म्हणून बोटीवर वाऱ्यात उगाच पर्ज बटण (रेग्युलेटरमधून जोरात हवा सोडणारं) दाबू नका, पाण्यात इन्फ्लेटर (जॅकेट-सूटमध्ये हवा भरायचं बटण) एकदम लांब दाबून धरू नका, आणि वेगळ्या रेग्युलेटरवरचा दुसरा हवेचा साठा सोबत हवाच. हातमोजे जाड असतात, त्यात क्लिप उघडत नाहीत, तेही घरी करून बघा.

कुठलं जहाज आधी? क्रूझर. कार्ल्सरूह त्यातल्या त्यात उथळ, कोल्न सगळ्यात शाबूत, साधारण ३५ मीटरवर कुशीवर पडलेलं. म्हणजे डेक भिंतीसारखा उभा दिसतो, दरवाजे आडवे वाटतात आणि पहिल्यांदा दिशाच कळत नाही, तेव्हा उतरण्याआधी बोटीवर जहाजाचा नकाशा बघा आणि शॉटलाइन (वर-खाली जायचा दोर) कुठे बांधलीय ते लक्षात ठेवा. ३० टक्के नायट्रॉक्स (३० टक्के ऑक्सिजन असलेली हवा) या खोलीला चालतो, ३२ ची मर्यादा साधारण ३४ मीटरलाच संपते. क्योनिग, मार्कग्राफ, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या बॅटलशिप त्याहून खोल आणि उलट्या पडल्यात, खालून क्रोनप्रिन्झच्या तोफा दिसतात, पण तिथे डीप डायव्हिंगचा अनुभव असेल तरच जा. आत शिरू नका, लोखंड शंभर वर्षांचं आहे, कधीही कोसळतं.

आणि काही उचलायचं नाही! ही सातही जहाजं कायद्याने संरक्षित आहेत. रॉयल ओक आणि व्हॅनगार्ड या ब्रिटिश युद्धनौकांवर तर डाइव्हच करता येत नाही, दोन्हींवर प्रत्येकी आठशेहून जास्त माणसं गेली, त्या कबरी आहेत, लांबूनच मान द्या.

बोटी ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसहून सुटतात, तिथे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅब्स्टरहून फेरी दीडेक तासाची. शेवटचा दिवस बर्रा साउंड या सामुद्रधुनीतल्या उथळ ब्लॉकशिपना (वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली जहाजं) ठेवा, पण तिथे प्रवाह जबर असतो, स्लॅक वॉटर, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलेलं, असेल तेव्हाच उतरायचं, वेळ कॅप्टन सांगेल तीच. डाइव्हनंतर लगेच उडणं धोक्याचं, म्हणून परतीचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या, २४ तास मधे गेलेले बरे.