स्थानकातील वाट सर्वांना सापडावी म्हणून

मार्गदर्शनाची आखणी नकाशापासून नव्हे, तर प्रवाशाच्या पायाखालच्या वाटेपासून सुरू करावी. प्रवेशद्वारापासून फलाटापर्यंतची एक तरी वाट पायऱ्यांविना पूर्ण होते का, हे व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशासोबत प्रत्यक्ष फिरून तपासावे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी यापेक्षा, तीव्र नसावा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी दृष्टिहीनांसाठी १९६५ मध्ये घडवलेल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशांचा संकेत साधा आहे: लांबट उंचवटे म्हणजे पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, सावध व्हा. या फरशांच्या पट्ट्यावर कचरापेटी किंवा दुचाकी उभी राहणार असेल, तर तो नसलेलाच बरा.

फलकांवर मार्ग केवळ रंगाने दाखवू नयेत, कारण लाल आणि हिरव्यातील फरक अनेकांना कळत नाही. सोबत क्रमांक किंवा अक्षर द्यावे. प्रत्येक घोषणा पडद्यावरही दिसावी आणि पडद्यावरील प्रत्येक बदल ऐकूही यावा. लिफ्ट बंद असल्याची सूचना मात्र लिफ्टच्या दारावर चिकटवून भागत नाही. ती पर्यायी वाटेसह, प्रवासी घराबाहेर पडण्यापूर्वीच, ॲपवर आणि फोनवर मिळाली पाहिजे, कारण दारापर्यंत पोहोचलेल्या माणसाला अनेकदा परत फिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.