प्राध्यापकांच्या ऑनलाइन अध्यापन प्रशिक्षणाआधीची तयारी

सर्वांत आधी प्रशिक्षण कुठे घ्यायचं ते ठरवा. ऑनलाइन कसं शिकवावं हे सभागृहात दोन दिवसांत सांगून भागत नाही. निदान चार आठवडे ठेवा, ज्या एलएमएसवर (कोर्स चालवण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) प्राध्यापक पुढे शिकवणार आहेत त्याच एलएमएसवर घ्या, आणि त्यांची नोंदणी विद्यार्थी म्हणून करा. शिक्षकाच्या खात्यातून विद्यार्थ्याची अडचण दिसत नाही. रात्री अकराला असाइनमेंट अपलोड करताना फाइल मोठी म्हणून अडली किंवा चर्चेत विचारलेल्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर आलं नाही, की सूचना स्पष्ट का हव्यात हे वेगळं समजवावं लागत नाही.

याशिवाय प्रत्येकाला एक रिकामा सराव-कोर्स उघडून द्या, त्यात ते शिक्षक असतील. लॉगिन आठवडाभर आधी पाठवा आणि ज्यांनी उघडून पाहिलं नाही त्यांना फोन करा. पासवर्डच्या भानगडीत पहिला दिवस गेला तर तो उत्साह परत येत नाही.

येताना प्रत्येकाने आपल्या विषयातला एकच घटक आणावा. सोबत त्या घटकावर विचारलेले जुने प्रश्न आणि विद्यार्थी नेमके कुठे चुकतात याची चार-पाच ओळींची नोंद. माझ्या मते ही नोंद तयार पीपीटीपेक्षा मोलाची आहे.

पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आधी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते. ‘विद्यार्थ्यांना प्रमाण विचलन समजेल’ असं वाक्य बहुतेक जण लिहून आणतात (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचं माप). ‘समजेल’ हे तपासणार कसं? त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘दोन वर्गांची सरासरी सारखी असताना कोणत्या वर्गाचे गुण जास्त विखुरले आहेत हे विद्यार्थी गणित करून दाखवेल आणि त्याचा अर्थ दोन वाक्यांत लिहील.’ आता परीक्षा काय घ्यायची ते उघड झालं, सरावाला दोन वर्गांचे गुण लागणार हे कळलं, आणि सूत्राची सिद्धता या आठवड्यात नको हेही ठरलं. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली मांडलेली उलट्या क्रमाची रीत हीच: आधी शेवट, मग पुरावा, मग शिकवणं. यासाठी पूर्ण आठवडा राखून ठेवा. घाई केलीत तर पुढचं सगळं डगमगतं.

व्हिडिओची तयारी त्यामानाने थोडी. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता, आणि स्टुडिओतल्या महागड्या चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून साधेपणाने बोललेलं जास्त पाहिलं जाऊ शकतं, असंही त्यात दिसलं. तेव्हा खर्च चांगल्या माइकवर करा आणि तासाभराच्या व्याख्यानाचे तुकडे पाडायचा सराव ठेवा, प्रत्येक तुकड्यानंतर एक छोटा प्रश्न.

अभिप्राय लिहिण्याचा सराव मात्र सोडू नका. ऑनलाइन विद्यार्थ्याला शिक्षक भेटतो तो मुख्यतः तिथेच. एकच उत्तर, विद्यार्थ्याचं नाव काढून, सगळ्यांना तपासायला द्या आणि शेरे शेजारी-शेजारी ठेवा. कुणी ‘सुधारणा हवी’ लिहितं, कुणी लिहितं, ‘तुझं गणित बरोबर आहे, पण उत्तराचा अर्थ सांगितला नाहीस, कोणता वर्ग जास्त विखुरलेला ते लिही आणि पुन्हा पाठव.’ दुसरा शेरा वाचून विद्यार्थ्याला पुढचं पाऊल कळतं. उत्तर किती तासांत मिळेल हेही प्रत्येकाने आधी जाहीर करावं आणि पाळावं.

सर्वांना वाचता-ऐकता येतंय ना, हे याच वेळी पाहून घ्या. व्हिडिओला सबटायटल हवीत, आपोआप तयार झालेली असतील तर माणसाने वाचून दुरुस्त केलेली. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५:१ हवा. पीडीएफमधली एखादी ओळ कर्सरने निवडून पाहा. शब्द निवडलेच जात नसतील तर तो नुसता फोटो आहे, आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात काहीच सापडत नाही. अशा फाइली बदलायला वेळ धरा.

विभागप्रमुखांकडून एक गोष्ट लेखी घ्या: कोर्स तयार करण्याचे तास कार्यभारात धरले जातील. हे न मिळता प्रशिक्षण सुरू करणं मला प्राध्यापकांवर अन्याय वाटतो.

आणि कोर्स खुला होण्याच्या आठवडाभर आधी दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला त्याच्या मोबाइलवर कोर्सचा पहिला आठवडा करून पाहायला सांगा. शेजारी गप्प बसा, मदत करू नका. बोट जिथे थबकेल ती जागा लिहून घ्या आणि त्याच दिवशी दुरुस्त करा.