महाग पुस्तक मागून उघडा

स्टील डिझाइनचं साडेचार हजारांचं पुस्तक मागवलं आणि माझ्या कामाची पानं निघाली अकरा. तेव्हापासून विकत घेण्याआधी पुस्तक मागच्या बाजूने उघडतो.

१. कामात खरोखर अडलेले तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहा. माझे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडचे होते: वाऱ्याने पत्रा उचलला जाणं, गँट्री गर्डर (ज्यावर क्रेन चालते ती तुळई), बेसप्लेटचे, म्हणजे खांबाखालच्या प्लेटचे, बोल्ट.

२. शेवटच्या शब्दसूचीत ते शब्द शोधा. ऑनलाइन नमुना पानांत ती पुष्कळदा असते. अनुक्रमणिकेवर जाऊ नका, ती सगळ्यांचीच भारदस्त असते.

३. सापडलेलं एक तरी पान वाचा. सांगलीत विश्रामबागला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला ग्रंथालयात बघायला सांगा. गणित आकड्यांसकट शेवटपर्यंत सोडवलंय की 'वाचकाने करून पाहावे' म्हणून वाऱ्यावर सोडलंय, एवढंच पाहायचं.

तीनातले दोन मिळाले तर घ्या.

आवृत्तीचं साल मात्र बघाच. आयएस ८०० हे स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक २००७ साली बदललं आणि लिमिट स्टेट (बांधकाम कोणत्या मर्यादेला निकामी ठरेल ते धरून डिझाइन करणं) ही मुख्य पद्धत झाली. त्याआधीचं पुस्तक रद्दीच्या भावात मिळालं तरी त्यावरून आजचं डिझाइन करू नका.