कारवारची खाडी वाचायची कशी

समुद्र म्हटला की आमच्या बेळगावकडची माणसं गोव्याला पळतात. मी भूगोलाचा मास्तर, नववीच्या पोरांना दरसाल कारवारला नेतो. तुम्हीही पोरं घेऊन जाणार असाल, तर आधी ओहोटीची वेळ बघा. पहिल्या वर्षी मी ऐन भरतीत पोचलो. पाण्याखेरीज काही दिसलं नाही, वर एकाची चप्पल वाहून गेली.

खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरा. काळी नदी जोयड्यातच दिग्गीजवळ उगवते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. धडा बसमध्येच सुरू करायचा, तो असा.

पुळणीवर जायची घाई नको. आधी कडवाड. 1638 मध्ये इंग्रजांनी वखार घातली ती इथं, समुद्रापासून चांगली पाच-सहा किलोमीटर आत. का, ते सांगू नका, पोरांना विचारा. घाटावरची मिरी आणि हुबळीकडची मलमल नदीकाठी उतरायची, आत होड्यांना लाटांचा जाच नसायचा. 1665 मध्ये शिवाजी महाराज आले, तेव्हा कारवारच्या खंडणीत इंग्रजांनाही वाटा भरावा लागला. हे ऐकून पोरं खूश होतात, तोवर नकाशा बाहेर काढा.

मग सदाशिवगड. वरून नदीचं मुख दिसतं, समोर कूर्मगड आणि दीपगृहाचं देवगड ही बेटं. अंजदीव बेट नकाशावर दाखवा. मुंबई ताब्यात घ्यायला निघालेले इंग्रज शिपाई तिथं अडकले आणि आजारानं पटापट मेले. त्यांचा म्होरक्या शिपमनही 1664 मध्ये तिथंच गेला.

खरी मजा बैतखोलला. आधी गावच्या पुळणीवर पोरांना घोटाभर पाण्यात उभं करा, मग बैतखोलला. लाट कुठं जोरात लागते, ते त्यांनाच कळतं. पावसाळी लाटा नैर्ऋत्येकडून येतात, त्या डोंगर अडवतो. म्हणून बंदर इथं. आजचं शहर मात्र 1862 नंतरचं: जिल्हा मुंबई इलाख्यात गेला, कचेऱ्या आल्या, वस्ती नदीकाठ सोडून समुद्राकडे सरकली. 1956 पर्यंत बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई राज्यात होते की! घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, सांगतील.

दक्षिणेला अर्ग्याकडे नौदलाचा तळ आहे, फोटो काढू नका. तळासाठी तिथली गावं उठली, हे मात्र सांगा.

येताना बांगडे घेणार असाल, तर बर्फाचा डबा घरूनच न्या. घाट चढेपर्यंत बसमध्ये जो वास सुटतो, त्यावर ड्रायव्हर आमच्याशी अजून नीट बोलत नाही.