उतारावरचा गुडघा

यवतेश्वरचा घाट पळत चढताना गुडघा मुकाट असायचा. साताऱ्याकडे उतरू लागलो की वाटीच्या मागून कळ निघायची. घरी जिना उतरतानाही तेच. "वंगण संपलं," असं निदान गल्लीत सगळ्यांनी फुकट दिलं. फिजिओथेरपिस्टने वाकवून, दाबून पाहिलं: सूज नाही, गुडघा अडकत नाही, वाटीवर ताण येतोय. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. खुब्याचे स्नायू कच्चे असले की गुडघा आत झुकतो, दाब आणखी वाढतो.

पळणं पूर्ण बंद केलं नाही. घाट सोडून सपाटीवर, थोडंच. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच सावकाश खाली टेकवायची, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. आरशासमोर केलं की लबाडी लगेच दिसते. महाकंटाळवाणं, पण खरं काम त्यानेच केलं. गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याने नुसता धीर आला. पळताना पावलं आखूड केली, म्हणजे मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त पावलं.

दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तरच अंतर वाढवायचो. घाट आधी फक्त चढायचो, खाली कुणाच्या तरी गाडीवर. आता उतरतोही. गुडघा सुजला, अडकला किंवा दगा देऊ लागला तर मात्र थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.