सॅटेलाइट बीकन सोबत नेताय? मग या चुका टाळा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाला गेलेले आपले कितीतरी जण आता तंबू-स्लीपिंग बॅग पाठीवर घेऊन चार-पाच दिवसांच्या डोंगरवाटांवर निघतात. पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात, त्यामुळे चढउतारांची भीती नसते. फरक पडतो तो एकटेपणाचा. आपल्याकडे रानात वाट चुकली तरी कुणी गुराखी भेटेल, एखादी वाडी लागेल अशी आशा असते. न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात आडवाटेला लागलात तर दिवसभर माणूस दिसत नाही आणि मोबाइलला रेंज नसते. म्हणून तिथली मंडळी उपग्रहाशी बोलणारं यंत्र जवळ ठेवतात, आणि ते ठेवायलाच हवं.

पण यंत्र घेतलं की काळजी मिटली असा समज फार पसरलाय. बटण दाबल्यावर मदतीचं काम सुरू होतं, मदत लगेच दारात येत नाही. बटण दाबल्यापासून माणसं पोचेपर्यंत कित्येक तास जातात, हवा खराब असेल तर रात्र जाते. खालच्या बहुतेक चुका याच तासांशी संबंधित आहेत, आणि त्यातल्या निम्म्या घर सोडण्याआधीच होतात.

कुठलं यंत्र काय करतं हे न बघता घेणं

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रं दिसायला सारखी असतात, पण कामाला वेगळी. पहिलं पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. ते 406 मेगाहर्ट्‌झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रहव्यवस्थेला संदेश पाठवतं. अमेरिका, तेव्हाचा सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्सने उभी केलेली ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे पहिली सुटका 1982 च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात, विमान कोसळल्यानंतर झाली. पीएलबीला मासिक वर्गणी नाही, त्याचा सिग्नल पाच वॅटचा म्हणजे चांगला दणकट, आणि एकदा चालू केल्यावर ते थंडीतही किमान चोवीस तास सिग्नल देत राहील अशी बॅटरी असते. मात्र ते एकच गोष्ट सांगतं: अमुक माणूस अमुक जागी संकटात आहे. का, कसा, किती जण, यातलं काहीही त्याला सांगता येत नाही.

दुसरं सॅटेलाइट मेसेंजर. गार्मिन इनरीच आणि झोलिओ इरिडियमच्या उपग्रहांवर चालतात, स्पॉट ग्लोबलस्टारच्या. यांना वर्गणी लागते. इनरीचवरून दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवता येतो, हा मोठाच फायदा. ‘घोटा मोडलाय, शुद्धीवर आहे, दोघं आहोत, पाणी आहे’ एवढं कळलं तरी सुटका करणाऱ्यांची निम्मी तयारी नेमकी होते. पण वर्गणी बंद पडली असेल तर ऐनवेळी हाती काही लागत नाही. हिवाळ्यात प्लॅन थांबवायचा आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू करायला विसरायचं, हे वारंवार घडतं. निघण्याच्या आदल्या दिवशी, मागच्या महिन्यात नव्हे, घराबाहेर मोकळ्यावर उभं राहून एक साधा मेसेज पाठवा आणि तो घरच्यांना पोचला का ते विचारा.

हिमकड्यांखाली वापरतात तो अॅव्हलांच (म्हणजे हिमस्खलन) ट्रान्सीव्हर हे तिसरंच प्रकरण. तो 457 किलोहर्ट्‌झवर चालतो, उपग्रहाशी त्याचा संबंध नाही. त्याची पोच शंभर मीटरच्याही आत, आणि तो उपयोगी पडतो सोबत्यांना, बर्फाखाली गेलेल्याला पहिल्या काही मिनिटांत उकरून काढण्यासाठी. किल्ल्या-बॅगा शोधायला लावतात त्या अॅपलच्या एअरटॅगचं तर नावच काढू नका. त्याला आसपास दुसऱ्या कुणाचा फोन लागतो, आणि रानात नेमका तोच नसतो.

नोंदणी न करणं, किंवा जुनीच ठेवणं

प्रत्येक पीएलबीवर पंधरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. सिग्नल आला की नियंत्रण केंद्र या क्रमांकावरून बीकन कुणाचा हे शोधतं आणि नोंदवलेल्या नंबरवर फोन करतं. अमेरिकेत ही नोंदणी नोआ (NOAA) या सरकारी हवामान-सागर संस्थेकडे, ऑस्ट्रेलियात आम्सा (AMSA) या सागरी सुरक्षा संस्थेकडे, न्यूझीलंडमध्ये तिथल्या बचाव समन्वय केंद्राकडे होते, आणि तिन्ही ठिकाणी फुकट. अमेरिकेत दर दोन वर्षांनी ती ताजी करावी लागते. नोंदणी नसली तरी सिग्नल जातो, पण फोन कुणाला करायचा, खरंच कुणी डोंगरात गेलंय की कपाटात पडलेलं यंत्र चुकून सुरू झालंय, हे कळायला मार्ग उरत नाही आणि वेळ जातो.

इथे एक खास भानगड आहे. बीकनमध्ये देशाचा संकेतांक घातलेला असतो आणि नोंदणी त्याच देशात करायची असते. सिडनीत घेतलेला बीकन तुम्ही कॅलिफोर्नियाला राहायला जाताना घेऊन गेलात, तर तो अमेरिकेत आपोआप अमेरिकी होत नाही. विक्रेत्याकडून त्याचा संकेतांक बदलून घ्या, नाहीतर नोंद ऑस्ट्रेलियातच चालू ठेवून तिथला मजकूर अद्ययावत ठेवा. मित्राकडून वापरलेला बीकन घेतला असेल तर नोंद तुमच्या नावावर झाल्याशिवाय डोंगरात नेऊ नका. नाहीतर तुम्ही दरीत आणि चौकशीचा फोन मित्राच्या घरी.

संपर्क म्हणून आईचा नंबर

या चुकीबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचंय, कारण ती मायेतून होते. आणीबाणीत कुणाला कळवायचं या रकान्यात आपण सवयीने आई-वडिलांचा भारतातला नंबर भरतो. आता विचार करा. तुम्ही सिएरात दुपारी बटण दाबता, साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. अनोळखी परदेशी नंबरवरून फोन येतो. सध्या असले फोन बहुतांशी फसवणुकीचे असतात, ‘उचलू नका’ असं आपणच आईला बजावलेलं असतं. ती फोन कापते. उचललाच, तर पलीकडून भराभर इंग्रजीत विचारणा होते: कुठल्या वाटेने गेलाय, किती जण, तंबूचा रंग कोणता, काही आजार आहे का, परतायचं कधी ठरलं होतं. तिला यातलं काय माहीत असणार? आणि त्यानंतरची तिची रात्र कशी जाईल याचाही विचार करा.

पहिला संपर्क त्याच देशातला, शक्यतो त्याच वेळेच्या पट्ट्यातला ठेवा: जोडीदार, रूममेट, ऑफिसातला विश्वासू मित्र. त्याच्या हातात एक कागद द्या. वाटेचं नाव, सुरुवातीचं ठिकाण, गाडी कुठे लावली आणि तिचा नंबर, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, सोबत्यांची नावं, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, औषधं, आणि ‘या दिवशी या वेळेपर्यंत माझा फोन आला नाही तर इथे कळव’ असं स्पष्ट वाक्य. इनरीचचं एसओएस आधी गार्मिनच्या टेक्सासमधल्या प्रतिसाद केंद्रात जातं. तिथली माणसं हाच मजकूर विचारतात आणि स्थानिक यंत्रणेला देतात. न्यूझीलंडच्या डोंगरातल्या झोपड्यांमध्ये नोंदवही ठेवलेली असते. मुक्काम न करता नुसतं पुढे जाणार असाल तरी त्यात नाव, तारीख आणि पुढचा बेत लिहा.

घरच्यांशीही एक गोष्ट आधीच बोलून घ्या. ‘रोज संध्याकाळी मेसेज करीन’ असं वचन देऊ नका. दाट झाडीत, अरुंद दरीत मेसेज अडकतात, नकाशावरचा ठिपका तासन्‌तास हलत नाही, आणि इकडे घरात रडारड सुरू होते. मेसेज आला नाही म्हणजे संकट नव्हे, परतायची ठरलेली वेळ उलटली तर मात्र कळवायचं, असा करार करा. ती वेळ ठरवताना एखादा दिवस पदरी धरा.

यंत्र सॅकच्या तळाशी

न्यूझीलंडमध्ये नदी ओलांडताना माणसं वाहून जातात. अशा वेळी सॅक पहिली सुटते. कड्यावरून घसरलात तर सॅक एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. म्हणून बीकन अंगावर हवा: खांद्याच्या पट्ट्याला नव्हे, कारण तो सॅकसोबतच जातो, तर पँटच्या चेनच्या खिशात किंवा जॅकेटच्या आत दोरीने बांधलेला. आणि तो कुठे आहे, कसा चालू करायचा, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं. बेशुद्ध पडणारा माणूस तोच असू शकतो ज्याला ते माहीत होतं.

आकाश न दिसणाऱ्या जागी बटण दाबणं

घळीत, ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कड्याखाली), तंबूत किंवा दाट झाडीखाली सिग्नल कमजोर होतो. हलता येत असेल तर जवळच्या मोकळ्या जागी या, दुखापत असेल तर उगाच सरपटू नका. पीएलबीची अँटेना पूर्ण उघडून सरळ उभी ठेवा आणि यंत्राच्या ज्या भागावर जीपीएस लिहिलंय तो हाताने झाकू नका. चालू करणाऱ्यांचा पंजा नेमका तिथेच येतो. जीपीएसची जागा मिळाली तर शोध शंभर-सव्वाशे मीटरच्या आत येतो. ती न मिळाल्यास व्यवस्था स्वतः अंदाज बांधते, पण मग काही किलोमीटरचा परिसर धुंडाळावा लागतो.

चाचणी घेताना पुस्तिकेत सांगितलेलं सेल्फ-टेस्टचं बटणच वापरा. जीपीएसची चाचणी काही बीकनमध्ये बॅटरीच्या आयुष्यात मोजक्या वेळाच करता येते, तेव्हा दर शनिवारी गंमत म्हणून करू नका. पाच-सात वर्षांनी बॅटरी बदलायची असते. तारीख यंत्रावर छापलेली असते.

लवकर दाबणं आणि उशिरा दाबणं

2009 च्या सप्टेंबरमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये एका छोट्या गटाने एकमार्गी, म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्या, यंत्रावरून तीनदा मदत मागितली. पहिल्यांदा पाणी संपलं म्हणून. मदत पोचली तोवर त्यांना पाणी सापडलं होतं आणि त्यांनी बाहेर यायला नकार दिला. दुसऱ्यांदा रात्री, मिळालेलं पाणी खारट लागतंय म्हणून. तिसऱ्यांदा मात्र त्यांना दरीतून बाहेर काढण्यात आलं आणि गटाच्या म्होरक्यावर कारवाई झाली. अशा दऱ्यांमधून रात्री हेलिकॉप्टर नेणारी माणसं स्वतःचा जीव पणाला लावतात. थकवा, पाऊस, चुकलेली बस, संपलेला शिधा, ही कारणं नव्हेत.

आपल्या लोकांच्या बाबतीत मला उलट भीती जास्त वाटते. ‘एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा’, ‘खर्च किती येईल’, ‘लोक काय म्हणतील’ या विचारात छातीत दुखणारा माणूस संध्याकाळपर्यंत बसून राहतो आणि उजेड जातो. जीव जाण्याची किंवा कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता आहे आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही, एवढं पुरेसं आहे. मग दाबा, आणि दिवस असताना दाबा. खर्चाची चिंता असेल तर ती निघण्याआधी विम्याचे कागद वाचून मिटवा. नेपाळला जात असाल तर हेलिकॉप्टरचा खर्च आणि किती उंचीपर्यंत विमा लागू आहे हे दोन्ही बघा; कित्येक पॉलिसी ठरावीक उंचीवर संपतात.

दाबल्यानंतर चालत सुटणं

बीकन चालू केल्यावर जागा सोडू नका आणि तो बंद करू नका. बॅटरी वाचवायला मध्ये मध्ये बंद-चालू करणं हा चुकीचा हिशेब आहे. मेसेंजर असेल तर थोडक्या शब्दांत उत्तरं देत राहा. आता सगळा भर ऊब टिकवण्यावर: ओले कपडे बदला, खाली मॅट टाका, तंबू लावा, जखमी माणसाला स्लीपिंग बॅगेत घाला. दिवसभराच्या भटकंतीलाही कोरडा गरम थर आणि रात्र काढता येईल एवढं पांघरूण हवं, ते याचसाठी. ढगात हेलिकॉप्टर येत नाही, माणसं चालत येतात.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर, म्हणजे मदत हवी. एक हात वर आणि एक खाली, म्हणजे नको. दोन्ही हात हलवून टाटा करू नका. मॅट, तंबू, जॅकेट, उडेल ते सगळं बांधा किंवा त्यावर बसा. रात्री शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे द्या, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा.

तेच यंत्र सुट्टीत भारतात आणणं

दिवाळीला घरी यायचं, पुढे लडाख किंवा उत्तराखंडात ट्रेक करायचा, म्हणून इनरीच बॅगेत तसाच टाकला जातो. कृपा करून असं करू नका. भारतात परवानगीशिवाय उपग्रह संपर्काची उपकरणं बाळगणं हा गुन्हा ठरतो. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला इनरीच सापडल्यामुळे अटक झाली होती. ‘फक्त आणीबाणीसाठी आहे’ हे स्पष्टीकरण सुरक्षा तपासणीत चालत नाही. यंत्र परदेशातल्या घरीच ठेवा. आयफोनची उपग्रहावरून एसओएस देण्याची सोय अमेरिकेत 2022 च्या नोव्हेंबरपासून आहे, पण भारतात ती मिळणार नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

इथे मग जुनीच साधनं नीट वापरायची. निघताना गावात कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगा, जमलं तर गावातलाच वाटाड्या घ्या. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा आणि त्या भागातल्या रेस्क्यू टीमचा नंबर आधीच शोधून कागदावर लिहा. लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्रची मंडळी वर्षानुवर्षं हे काम करतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा म्हणजे रेंज शोधण्यात बॅटरी जाणार नाही. नाळेत नेटवर्क नसेल तर सगळ्यात सुदृढ दोघांनी धारेवर किंवा पठारावर चढून बघायचं, एकट्याने नाही. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर 112 लागू शकतो. बोलणं तुटत असेल तर अक्षांश-रेखांश, जखमीची अवस्था आणि माणसांची संख्या लिहून एसएमएस पाठवा. कॉल टिकत नाही तिथेही तो बऱ्याचदा निघतो. उत्तर येईपर्यंत त्याच जागी थांबा, कारण खाली उतरलात की रेंज पुन्हा जाईल.