परफ्यूमचं मिश्रण पुन्हा तसंच जमण्यासाठी

थेंब मोजून बनवलेलं छान मिश्रण दुसऱ्यांदा तसंच जमत नाही. ड्रॉपर बदलला किंवा तेल दाट असलं की थेंबाचं वजनही बदलतं. त्यामुळे थेंब मोजणं सोडा आणि वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो.

खरी युक्ती मात्र पुढची आहे. तीव्र वासाचे घटक आधीच पातळ करून त्यांचं १० टक्क्यांचं द्रावण बनवून ठेवा:

१. रिकामी काचेची बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.
२. १ ग्रॅम घटक घाला.
३. परफ्यूमसाठी मिळणारं इथेनॉल ९ ग्रॅम घाला, झाकण लावून हलवा.
४. नाव, टक्केवारी आणि तारीख लगेच बाटलीवर लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतंच.

आता मूळ घटक ०.०५ ग्रॅम हवा असेल, तर या द्रावणाचा ०.५ ग्रॅम घ्यायचा. इतकं वजन काटा नीट दाखवतो, चूक झाली तरी महागडा माल वाया जात नाही. वासही नेमका कळतो. इंडोल, म्हणजे मोगऱ्यासारख्या फुलांच्या वासातला एक घटक, शुद्ध असताना डांबरगोळीसारखा वास देतं, अगदी पातळ केल्यावर त्यातलं फूल जाणवतं. अशा घटकांना १० टक्केही जास्तच, त्याच द्रावणातून पुन्हा १ टक्का करून घ्या.

इथेनॉल चटकन पेट घेतं. काम सुरू असताना जवळ गॅस, मेणबत्ती, उदबत्ती काहीच पेटलेलं नको.